लाल दोऱ्याचं दावं

३ फेब्रुवारी

शुद्धलेखनबाई,

हे पत्र पहिल्या बंदराच्या टपाल कचेरीत तुझी वाट बघत पडलेलं असेल. आधी तुझ्या नवऱ्याला सांग, की ताई चिडली आहे. निघायचं शनिवारी ठरलं होतं. गुरुवारी मी दातांच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसले होते, तेवढ्या तासाभरात कप्तानसाहेब माझ्या कारखान्यात येऊन टेबलावरचं, खुंटीवरचं, जे हाताला लागेल ते उचलून घेऊन गेले. 'वारा चांगला आहे, निघतो' एवढी चिठ्ठी मशीनच्या सुईखाली. सख्ख्या भावाची ही तऱ्हा! अर्धा जबडा बधिर, तशीच धक्क्यावर धावले, तर तुमच्या बोटीची जागा रिकामी. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा हसून हात हलवत होता. मला त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण माझ्या तोंडातून शब्द धड निघेना.

तुम्ही दोघांनी घर सोडून चाळीस फुटांच्या होडक्यात संसार थाटायचा ठरवला तेव्हा मी काय म्हणाले होते, ते उगाळत बसत नाही. तीस वर्षं मी बोटींच्या गाद्या आणि छतं शिवतेय. एकाही बोटीवर राहावंसं मला वाटलेलं नाही, एवढंच सांगते.

गाद्या बसल्या का नीट? डोलकाठीजवळच्या गादीचा कोपरा मी तिरका कापलाय, ती उलटी घालू नकोस. झोपायच्या जागेला कडेनं जो कापडी कठडा शिवून दिलाय तो रोज बांधायचा. बोट कलली की माणूस झोपेत खाली पडतो, आणि खाली तुझी पातेली असतात.

आता महत्त्वाचं. डेकवर जाताना छातीच्या पट्ट्यात अडकवायची ती दोन दावी. दुकानदार त्याला काहीतरी लांबलचक नाव सांगतात, पण माणसाला बोटीला बांधून ठेवायचं ते दावंच. त्यातलं एकच त्यानं नेलेलं दिसतंय. दुसरं मला सापडत नाही, निळ्या कापडाच्या ढिगात गेलं असणार. सापडलं की पाठवते. तोवर एका वेळी एकानंच वर जायचं, आणि बांधून घेऊनच. ही विनंती नाही.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र हातात पडलं आणि टपाल कचेरीच्या पायरीवरच बसून वाचलं. पायरी हलत नव्हती, त्याचंच किती सुख वाटलं म्हणून सांगू! अकरा दिवसांत पहिल्यांदा काहीही न धरता बसले.

तुमच्या भावाला तुमचा राग कळवला. त्यानं कान पकडले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

गाद्या उत्तम बसल्यात. तिरक्या कोपऱ्याची मी उलटी घातली होती, तुम्हाला कसं कळलं? बाकी आमच्या घराचं वर्णन असं: उठून तीन पावलं गेलं की स्वयंपाकघर संपतं. शेगडी झोपाळ्यावर बसवल्यासारखी आहे, बोट कलली तरी ती सरळ राहते, आणि मी मात्र कलते. म्हणून कमरेला पट्टा बांधून ओट्याला टेकून कालवण ढवळायचं. स्वयंपाक झाला की गॅसची किल्ली दोनदा तपासायची, कारण गळलेला गॅस वर जात नाही, खाली तळाशी साचतो आणि कळतही नाही. उशी ओली, मीठ ओलं, शब्दकोश ओला. शब्दकोश 'क'पासून 'ग'पर्यंत चिकटलाय.

दुसऱ्या दाव्याची काळजी करू नका. ते हरवलेलं नाही, आमच्याकडेच आहे, दोन्ही आलीत. आणि ते मी माझ्यासाठी घेतलंय. त्यावर तुम्ही लाल दोऱ्याची ओळ घातलीय ना, ती बघितली आणि मी लगेच ओळखलं. छापखान्यात अकरा वर्षं मी प्रुफं वाचली. पान नीट वाचून झालं, एकही चूक उरली नाही, की खाली लाल रेघ मारायची. लाल रेघ दिसली की छपाईवाला डोळे मिटून पान छापायला घ्यायचा. कप्तानला म्हटलं, बघ, ताईंनीही एक तपासून लाल रेघ मारलीय. त्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "ते मला दे. दुसरं मऊ आहे, ते तू घे." मी कशाला देतेय!

तुम्हाला म्हणून सांगते, मला भीती वाटते. त्याच्यासमोर दाखवत नाही. वर पाऊल टाकण्याआधी त्या लाल ओळीवरून एकदा बोट फिरवते आणि मग चढते. झोपतानाही ते उशाशी असतं. हसाल तर हसा.

परवा सकाळी निघतो. आता पुढचं बंदर पंचवीस दिवसांनी. मध्ये फक्त पाणी.

तुमची शुद्धलेखनबाई


२२ फेब्रुवारी

हे पत्र दुसऱ्या बंदराला पाठवतेय. देवा, ते तुला बोटीतून उतरल्या उतरल्या मिळू दे, आणि उतरलेली तू असू दे.

लाल दोरा म्हणजे तपासलेलं नाही गं. लाल दोरा म्हणजे कच्चं.

नीट वाच. जाड पट्टी मशीनखाली सरकते. म्हणून आधी साध्या सुती दोऱ्यानं हातानं टाचून ठेवायचं, लांबी बरोबर आहे का बघायचं, मग जाड दोऱ्यानं मशीनवर पक्कं शिवायचं आणि हातानं घातलेला दोरा उसवून टाकायचा. हा कच्चा दोरा मी लालच घेते. पिवळ्या पट्टीवर लाल डोळ्यांत भरतो, चुकूनही काम तसंच गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून. तीस वर्षांत एकदाही गेलं नाही. गेलं ते माझ्याच घरात गेलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका गादीत कापूस भरत होते. लाल रेघेच्या ओळीपाशी आले आणि तोंडचं पाणी पळालं. धावत तारघरात गेले, पहिल्या बंदराला तार केली. आज उत्तर आलं: बोट सोळा तारखेलाच गेली. तुमच्या रेडिओवर हवामान ऐकू येतं, पण तुम्हाला कुणी काही सांगू शकत नाही. बंदरावरच्या साहेबांना मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला पाणी दिलं.

हातानं ओढलं तर ते सुटणार नाही, म्हणून तुला कळणारही नाही. माणसाचं वजन झटक्यानं पडलं की सुटेल.

एक गोष्ट मला समजत नाही. ते येडं पोर माझ्या मशीनखाली वाढलं. कच्चे दोरे उसवायचं काम लहानपणी त्याच्याचकडे असायचं, लाल दोऱ्यांचे गुंडाळे करून खिशात भरायचा. कच्चं काम तो उचलणार नाही असं धरूनच मी ते निळ्या ढिगात शोधत बसले. त्याला कसं आठवलं नाही? समुद्रानं डोकंच धुऊन नेलं का त्याचं?

तू वर जाऊ नकोस. खालीच राहा. अंगात ताप आहे म्हण, काहीही म्हण. मी कुणाला सांगतेय हे! हे तू वाचशील तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

ताई


१३ मार्च

आज पंचविसावा दिवस संपून गेला. तुमचं काही नाही.

बंदरावरचे साहेब म्हणतात, चार-सहा दिवस इकडेतिकडे होतातच, वारा पडला असेल. मला बघितलं की ते आता स्वतःच उठून खुर्ची देतात. खुर्ची दिली तरी मी बसत नाही.

मशीनवर चादर घातलीय. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

ताई


२२ मार्च

ताई,

आम्ही पोचलो. दोघंही. तुमची दोन्ही पत्रं एकदमच मिळाली आणि फार वाईट वाटलं, तुम्ही किती जीव टांगणीला लावून बसला होतात. तार केलीच आहे, ती मिळाली असेल.

सगळं छान झालं. वारा मध्ये थोडा पडला म्हणून उशीर. समुद्र शांत होता, मला वर जावंच लागलं नाही म्हणा ना. ते दावं तर वापरलंच नाही, नुसतं खुंटीला होतं. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कप्तानला विचारलं, तर म्हणाला विसरलो, इतक्या जुन्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहतात.

दावं वेगळ्या पार्सलनं परत पाठवलंय, सवडीनं पक्कं करून द्या. घाई नाही. त्याच्या हाताला जरासं लागलंय, दोरीनं कापलं, म्हणून त्यानं चार ओळी लिहिल्या नाहीत. एरवी तरी कुठे लिहितो!

इथे थोडे दिवस थांबणार आहोत. बंदर स्वच्छ आहे. नळाला गोडं पाणी आहे, पोटभर अंघोळ केली. मशीनवरची चादर काढा.

तुमची


२ एप्रिल

पार्सल मिळालं.

तू अक्षरं वाचतेस, मी टाके वाचते. तुझ्या पत्रात एकही चूक नाही, एकही खाडाखोड नाही, आणि तू तर स्वतःच्या पत्रावरसुद्धा चार खुणा केल्याशिवाय राहत नाहीस. तेव्हाच पाल चुकचुकली होती. आता दावं टेबलावर पडलंय आणि मी दिवा खाली ओढून बघतेय.

टाक्यांची भोकं गोल राहिलेली नाहीत. सगळी एकाच बाजूला ताणली जाऊन लांबट झालीत. लाल दोऱ्याची टोकं कातरलेली नाहीत, तुटलीत, त्यांची सुतं पिंजारलीत. पट्टीवर मीठ आहे. खुंटीला टांगलेल्या दाव्याची अशी दशा होत नाही बाई. ह्यावर पुरं माणूस लटकलं होतं.

कोण होतं?

तार आली तेव्हा मी देवाचे आभार मानून मोकळी झाले. तारेत 'दोघंही सुखरूप' आहे, पण तार तू केलीस आणि पत्रही तूच लिहिलंस. त्याच्या हातची एक ओळ नाही. तो आहे ना? मला खरं सांग. खोटं सांगून मला वाचवायला जाशील तर मी रोज नवं काहीतरी कल्पून मरेन.

ताई


१५ एप्रिल

ताई,

तो आहे. आधी हे वाचा. तो आहे, ह्या क्षणी तुम्ही शिवलेल्या कापडी कठड्याला टेकून झोपलाय. तीन फासळ्या मोडल्यात आणि उजवा खांदा निखळला होता, तो बसवलाय.

मी खोटं लिहिलं, कारण तुमच्या पत्रातली चादर घातलेली मशीन डोळ्यांसमोरून हलेना.

चौदावा दिवस होता. सकाळपासून वारा चढत गेला. दुपारी पुढचं शीड उतरवायला त्याला बोटीच्या टोकाशी जायचं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून तो पुन्हा म्हणाला, "तुझं दावं मला दे." रोज मागायचा, रोज मी नाही म्हणायचे. त्या दिवशी लाटा बघितल्या आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, जास्त चांगलं आहे ते त्याला नको का असायला? मी स्वतःच्या हातानं ते त्याच्या छातीला अडकवलं. लाल ओळीवरून बोटही फिरवलं, त्याच्यासाठी. दुसरं, तुम्ही पक्कं शिवलेलं, माझ्या अंगावर होतं.

लाट आली तेव्हा मी सुकाणूवर होते. तो कठड्यावरून बाहेर गेला, एक क्षण दाव्यावर लटकला, आणि मग दाव्याचं टोक एकटंच परत आलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मी तरंगणारं कडं फेकलं. बोट वळवायचं त्यानं मला शंभरदा शिकवलं होतं आणि मी शंभरदा चुकले होते. त्या दिवशी पण पहिल्यांदा चुकले. त्याचं डोकं दिसायचं, लाटेमागे जायचं, पुन्हा दिसायचं. दिसेनासं झालं की मी ओरडून त्याला शिव्या देत होते, मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वळणाला त्याच्याजवळ पोचले. दोर त्याच्या काखेखालून घालून शिडाच्या काठीला कप्पी लावून चरखीनं ओढून घेतला. घड्याळात नंतर बघितलं, चाळीस मिनिटं गेली होती.

पुढचे सोळा दिवस बोट मी चालवली. आता भीती वाटत नाही असं वाटलं होतं. इथे बंदरात, नळाला पाणी आणि दारात रस्ता असताना वाटतेय. तो कुशीवर वळला तरी मी उठून बसते.

तुमचा कच्चा टाका आणि माझी लाल रेघ, चूक निम्मी निम्मी आहे. खरं म्हणजे माझी जास्त. तुमच्या हातून ते नुसतं राहून गेलं. त्याच्या अंगावर चढवलं मी. हे त्याला मी रोज सांगते. तो छताकडे बघत ऐकतो.

तुमची


१७ एप्रिल

ताई,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर समजून घे. ती बाजारात गेलीय. हे मीच धक्क्यावरच्या पोऱ्याकडे न देता रखडत जाऊन पेटीत टाकणार आहे.

मी विसरलो नव्हतो. लाल दोरा मी विसरेन?

त्या गुरुवारी तुझ्या कारखान्यात खुंटीवर बघितलं तेव्हाच कळलं होतं, कच्चं आहे. वाटलं, वाटेत स्वतःच दोन ओळी मारीन, येतं मला तेवढं. तुझ्या खणातून जाड दोरा आणि सुईसुद्धा उचलली. वारा चांगला होता ताई, दोन दिवस थांबायचं जिवावर आलं.

मग तिनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, ताईंनी तपासून लाल रेघ मारलीय. निघाल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या बंदरात ती उतरली असती, आणि बरोबरच केलं असतं. ती झोपली की शिवीन म्हटलं, तर ती ते उशाशी घेऊन झोपायची. म्हणून मागत राहिलो. देईना. चौदाव्या दिवशी दिलं, तेव्हा मला हायसं वाटलं, खरंच. तिच्या अंगावर पक्कं होतं.

ती रोज म्हणते की चूक तिची आहे. मी ऐकतो. तोंड उघडतो आणि पाणी मागतो.

तिला सांगू नकोस. ती सोडून जाईल. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही एवढंच.

धाकटा


३० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी रडले, तू जिवंत आहेस आणि तुझं अक्षर अजून तितकंच वाईट आहे म्हणून. मग दिवसभर कारखान्यात येरझाऱ्या घातल्या.

दोन महिने मला वाटत होतं, मी माझ्या भावाला मारलं. मशीनकडे बघवत नव्हतं. तिकडे तिला वाटतंय, नवऱ्याला मरणाच्या दारात तिनं ढकललं. आम्ही दोघी चूक वाटून घेत होतो, तुझी निम्मी की माझी निम्मी, आणि तू छताकडे बघत पडून होतास. समुद्रात उडी मारण्याएवढी हिंमत आहे तुझ्यात. तिच्यासाठी कच्चं दावं अंगावर घेतलंस, ते मी विसरणार नाही. पण चार शब्द बोलायची हिंमत झाली नाही, तेही विसरणार नाही.

ती जाईल म्हणतोस. जाईलही. चाळीस मिनिटं तुला पाण्यात शोधणारी बाई आहे ती, तिला खरं सोसणार नाही असं तुला का वाटतं ते मला कळत नाही. आणि गेलीच, तर तिचं सामान तू उचलून धक्क्यावर आणून दे, आणि माझा पत्ता दे. माझ्याकडे एक खोली आहे, ती हलत नाही.

सोबत नवं दावं पाठवतेय. काल चादर काढली आणि पहिलं काम हेच केलं. तीनदा शिवलंय, लाल दोरा एकही नाही. ते तिच्या मापाचं आहे.

तुझं पत्रही ह्याच पाकिटात परत घालतेय. ते माझ्याकडे ठेवायचं नाही, ते माझं नाहीच, चुकीच्या पत्त्यावर आलंय. तिच्या हातात दे. ती वाचत असताना समोर बस. खोकला आला, तहान लागली, वारा फिरला, तरी उठायचं नाही.

चुकांवर खुणा करायला ती लाल पेन उघडेल. उघडू दे.

ताई